थिन लिझीचं नाव पुन्हा यादीत घ्या : रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमच्या मतदारांना खुलं पत्र

प्रति,
नामांकन समिती आणि सर्व मतदार,
रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम, क्लीव्हलंड

सप्रेम नमस्कार.

ऑक्टोबर २०१९ मध्ये तुम्ही पुढच्या वर्षी तुमच्या सन्मानदालनात घेण्यासाठी सोळा नावं जाहीर केलीत. त्यांत डब्लिनचा थिन लिझी हा बँड होता. मतमोजणी झाली, सहा जण आत गेले, थिन लिझी बाहेर राहिला. तुमचाच नियम असा, की पहिली रेकॉर्ड बाजारात येऊन पंचवीस वर्षं झाली की कलाकार पात्र ठरतो. थिन लिझीचं पहिलं सिंगल १९७० चं. म्हणजे नव्वदच्या दशकाच्या मध्यालाच हा बँड पात्र झाला होता. नाव पुढे यायला त्यानंतर आणखी जवळजवळ पाव शतक गेलं, आणि आलं तेही एकदाच.

हे पत्र त्या नावासाठी आहे. ते पुन्हा यादीत घ्या आणि या वेळी बँडला आत घ्या, ही माझी मागणी. कारणं जरा सविस्तर सांगतो. थिन लिझी तुमच्याकडे अडतो तो संगीतापायी नाही, अमेरिकेतल्या त्याच्या नशिबापायी अडतो, असं माझं ठाम मत आहे. तिकडे पुष्कळांना या बँडचं एकच गाणं ठाऊक असतं, १९७६ चं ‘द बॉइज आर बॅक इन टाउन’. एका गाण्याचा बँड, एवढीच ओळख. ज्याने यांचे सगळे अल्बम मनापासून ऐकलेत त्याला ही ओळख फार लागते.

सुरुवातीपासून सांगायला हवं.

बँडचा गायक, बास गिटारवादक आणि गीतकार फिलिप लायनट याचा जन्म २० ऑगस्ट १९४९ चा, इंग्लंडमधल्या वेस्ट ब्रॉमिचचा. आई फिलोमिना आयरिश, वडील ब्रिटिश गयानाहून आलेले कृष्णवर्णीय. दोघांचं लग्न झालेलं नव्हतं. त्या काळात एकट्या आयरिश मुलीने असं मूल घेऊन इंग्लंडमध्ये राहणं किती कठीण होतं, हे फिलोमिनाने पुढे आपल्या आठवणींत मोकळेपणाने लिहिलं आहे. मुलगा लहान असतानाच तिने त्याला डब्लिनला, क्रम्लिन वस्तीत आपल्या आईकडे ठेवलं. आजीचं नाव सारा. नातू तिच्याच हाताखाली वाढला. पन्नासच्या दशकातलं डब्लिन जवळजवळ सगळं गोरं आणि सगळं कॅथलिक. त्यात हा एक उंच, कुरळ्या केसांचा काळा मुलगा, आणि बोलायला लागला की पक्का डब्लिनकर.

१९७२ च्या दुसऱ्या अल्बममध्ये ‘सारा’ नावाचं गाणं आहे, ते या आजीसाठी. १९७९ मध्ये लायनटने पुन्हा ‘सारा’ याच नावाचं पण अगदी वेगळं गाणं केलं. ते नुकत्याच जन्मलेल्या मुलीसाठी. तिला त्याने आजीचं नाव ठेवलं होतं. आमच्याकडेही पणतीला पणजीचं नाव ठेवायची रीत आहे, म्हणून असेल, पण ही दोन गाणी मी नेहमी लागोपाठ ऐकतो. मधे १९७४ चं ‘फिलोमिना’ येतं, आईसाठी लिहिलेलं. चामड्याची पँट घालून रंगमंचावर उभा राहणारा हा माणूस सात वर्षांत आजी, आई आणि लेक अशा तिघींवर गाणी लिहून गेला. सत्तरच्या दशकातल्या हार्ड रॉकमध्ये असं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

ब्रायन डाउनी हा ड्रमर लायनटचा शाळेपासूनचा मित्र. १९६९ च्या शेवटी या दोघांना एरिक बेल आणि एरिक रिक्सन भेटले. दोघेही उत्तर आयर्लंडचे, दोघेही पूर्वी ‘देम’मध्ये वाजवलेले. देम म्हणजे व्हॅन मॉरिसनचा बँड. मॉरिसनला तुम्ही १९९३ मध्येच मान दिलात. कीबोर्ड वाजवणारा रिक्सन लवकरच बाहेर पडला आणि तिघे उरले. डेका कंपनीशी करार झाला, १९७१ मध्ये मंडळी लंडनला आली. पहिले दोन अल्बम फारसे खपले नाहीत.

मग १९७२ च्या अखेरीस ‘व्हिस्की इन द जार’ आलं. मूळ गाणं आयर्लंडचं जुनं लोकगीत. वाटमारी करणारा नायक आणि त्याला दगा देणारी त्याची प्रेयसी. ‘द डब्लिनर्स’ने ते आधीच घरोघरी पोचवलं होतं. बँडला स्वतःला हे गाणं पुढे करायचं नव्हतं. रेकॉर्डच्या मुख्य बाजूला लायनटचं ‘ब्लॅक बॉइज ऑन द कॉर्नर’ असावं आणि लोकगीत पाठीमागे जावं, अशी त्यांची योजना होती. कंपनीने बाजू उलटवल्या. गाणं आयर्लंडमध्ये पहिल्या आणि ब्रिटनमध्ये सहाव्या क्रमांकावर गेलं.

इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण एरिक बेलवर अन्याय होतो तो नेमका इथे. गाण्याच्या आरंभी गिटारवर जी ओळ वाजते, ती लोकगीतात कुठेही नाही. ती बेलने रचली. आज जगभर हे गाणं लोक शब्द सुरू होण्याआधी ओळखतात ते त्या ओळीमुळे. मेटॅलिकाने १९९८ मध्ये हे गाणं केलं तेव्हा त्यांनी डब्लिनर्सची चाल घेतली नाही, थिन लिझीची मांडणी घेतली. बेलची ओळ जाड आवाजात वाजवली. त्या ध्वनिमुद्रणाला २००० मध्ये ग्रॅमी मिळालं. मेटॅलिका २००९ पासून तुमच्या इमारतीत आहेत. आमच्या पिढीतल्या बहुतेकांनी हे गाणं मेटॅलिकाचं म्हणूनच ऐकलं. पुण्या-मुंबईच्या कॉलेजांच्या महोत्सवांत ते वाजायचं, सगळे सुरात सूर मिसळून म्हणायचे, आणि ही गिटार पहिल्यांदा कोणी वाजवली हे मांडवातल्या फार थोड्यांना सांगता आलं असतं. मेटॅलिकाचा यात काही दोष नाही, त्यांनी श्रेय कधी लपवलं नाही. पण इतिहासाची आठवण ठेवणं हेच ज्या संस्थेचं काम आहे, तिने तरी ओळ रचणाऱ्याला दाराबाहेर ठेवू नये.

बेल १९७३ च्या अखेरच्या रात्री बेलफास्टमध्ये कार्यक्रम चालू असतानाच रंगमंच सोडून गेला. दौऱ्याचा, दारूचा, थकव्याचा ताण असह्य झाला होता. गिटारवादक गॅरी मूर धावून आला आणि त्याने काही महिने वेळ निभावून नेली. तोही गेल्यावर लायनट आणि डाउनीने १९७४ मध्ये एकाच्या जागी दोन गिटारवादक घेतले : कॅलिफोर्नियाचा स्कॉट गोरॅम आणि ग्लासगोचा अठरा वर्षांचा ब्रायन रॉबर्टसन.

या दोघांनी जे केलं ते समजल्याशिवाय थिन लिझीचं महत्त्व कळणार नाही. दोन गिटार एकाच वेळी एकच चाल वाजवतात, पण एकमेकींपासून तिसऱ्या स्वराच्या अंतरावर. आमच्या भाषेत सांगायचं तर एक सा वर असते तेव्हा दुसरी ग वर. पहिली रे वर सरकली की दुसरी म वर. यात सवाल-जबाब नाही, कोण सरस ते ठरवायचं नाही. दोघांनी मिळून एक वाक्य म्हणायचं. ऐकायला सोपं वाटतं, वाजवायला सोपं नाही. तार ओढून स्वर चढवायचा तर दोघांचा स्वर सारख्याच वेगाने चढायला हवा. स्वराला दिलेलं कंपन एकाच लयीत हवं. वाक्य संपताना दोघांची बोटं एकाच क्षणी उचलायला हवीत. जरा इकडेतिकडे झालं की मधल्या जागेत सूर घासतात. त्यातून हे दोघे स्वभावाने अगदी भिन्न. रॉबर्टसनचा वाह-वाह पेडलवरचा आवाज टोकदार, जरा भांडखोर, गोरॅमचा वाहता. वेगळे राहून ते जुळतात, म्हणून ती जोडी ऐकताना कंटाळा येत नाही.

ही पद्धत थिन लिझीने शोधली असा दावा मी करणार नाही. ऑलमन ब्रदर्सनी ती आधी वापरली, त्यांना तुम्ही १९९५ मध्ये घेतलं. विशबोन ॲशनीही ती वापरली. पण त्यांच्याकडे दोन गिटारींची ही चाल लांबलचक वादनाच्या ओघात यायची. थिन लिझीने ती तीन-चार मिनिटांच्या गाण्यात, दोन कडव्यांच्या मधल्या जागेत, आटोपशीर बसवली. ती इतकी गुणगुणण्याजोगी केली, की लोक शब्दांबरोबर गिटारही तोंडाने म्हणू लागले. पुढच्या पिढीने उचलली ती ही आटोपशीर रीत. आयर्न मेडनच्या पहिल्या अल्बमपासून तिचा ठसा स्वच्छ ऐकू येतो. १९८८ मध्ये त्यांनी थिन लिझीचं ‘मॅसकर’ आपल्या एका सिंगलच्या मागच्या बाजूला गाऊन ऋण जाहीरही केलं. मेटॅलिकाच्या सुरुवातीच्या अल्बममध्ये दोन गिटार एकत्र चालू लागतात तेव्हा ती वाट डब्लिनकडून आलेली असते.

आणि डाउनी! गिटारींच्या कौतुकात हा माणूस कायम मागे राहतो. हार्ड रॉकचे बहुतेक ड्रमर ठोका सरळ देतात. डाउनी त्याला झोका देतो. ‘द बॉइज आर बॅक इन टाउन’ पायात शिरतं ते त्या झोक्यामुळे. तोच ठोका सरळ करून मनात वाजवून पाहा, गाणं जागीच बसेल. सगळ्या अल्बमवर, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत, लायनटबरोबर हा एकच माणूस आहे. ‘लाइव्ह अँड डेंजरस’मधलं ‘शा ला ला’ लावा. त्यातलं त्याचं एकट्याचं वादन मोठ्याने ओरडत नाही, तरी पुढच्या सगळ्या ड्रमरांना त्यातून शिकण्यासारखं आहे.

आता अमेरिका.

‘जेलब्रेक’ अल्बम मार्च १९७६ मध्ये आला. ‘द बॉइज आर बॅक इन टाउन’ तिकडच्या तक्त्यात बाराव्या क्रमांकावर गेलं, अल्बम अठराव्यावर. दार उघडलं होतं. जूनमध्ये रेनबो या बँडबरोबर मोठा दौरा ठरला होता, आणि नेमकी त्याच वेळी लायनटला कावीळ झाली. दौरा सोडून परत यावं लागलं. रुग्णालयात पडल्या पडल्या त्याने पुढच्या ‘जॉनी द फॉक्स’ची गाणी लिहिली. ऑक्टोबरमध्ये तो अल्बम आला, नोव्हेंबरमध्ये पुन्हा अमेरिकेला निघायचं ठरलं. निघायच्या तोंडावर लंडनच्या स्पीकईझी क्लबमध्ये मारामारी झाली. आपला मित्र, गायक फ्रँकी मिलर याला वाचवायला रॉबर्टसन मधे पडला आणि फुटलेल्या बाटलीने त्याचा हात कापला गेला. शीर आणि मज्जातंतू दुखावले. दौरा पुन्हा रद्द झाला.

एका वर्षात दोनदा! गाणं रेडिओवर वाजत होतं आणि बँड देशात नव्हता. त्या काळी अमेरिकेत नाव होत असे ते गावोगाव फिरून, आधी दुसऱ्यांच्या कार्यक्रमात वाजवून, मग स्वतःच्या. ती पायरी थिन लिझीच्या पायाखालून सरकली. १९७७ च्या आरंभी क्वीनबरोबर ते उत्तर अमेरिकेत गेले, रॉबर्टसनच्या जागी गॅरी मूरला घेऊन. फ्रेडी मर्क्युरीचं शालेय शिक्षण आमच्या सातारा जिल्ह्यात, पाचगणीला झालं, त्यामुळे त्या दौऱ्याबद्दल आम्हाला जरा जास्तच जिव्हाळा. तो दौरा गाजला. पण तोवर गाणं जुनं झालं होतं. १९७९ च्या जुलैत अमेरिकेच्याच दौऱ्यात मूर अर्ध्यावर सोडून गेला, आणि उरलेले कार्यक्रम करायला मिज युअर या गिटारवादकाला विमानाने बोलवावं लागलं. त्यानंतर तिकडचं दार पुन्हा उघडलं नाही.

मतदार म्हणून तुम्ही थिन लिझीची अमेरिकेतली आकडेवारी पाहता तेव्हा एक कावीळ, एक कापलेला हात आणि एक भांडण पाहत असता. त्या आकड्यांत संगीताचा दर्जा कुठेही नोंदलेला नाही. आणि आकडे तुम्ही स्वतःही नेहमी मानत नाही, हेही आठवून पाहा. ज्या वर्षी थिन लिझी मागे राहिला त्याच वर्षी तुम्ही टी. रेक्सला घेतलंत, आणि अगदी योग्य केलंत. टी. रेक्सचं एकच गाणं अमेरिकेत पहिल्या दहांत गेलं होतं, तेही दहाव्या क्रमांकावर. त्यांचा म्होरक्या मार्क बोलन याला मान मिळाला तो त्याने पुढच्या पिढ्यांना जे दिलं त्यासाठी. तोच न्याय लावला तर थिन लिझीचं प्रकरण तितकंच बळकट आहे. दोघांचे अल्बम करणारा निर्मातासुद्धा एकच, टोनी व्हिस्कॉन्टी.

व्हिस्कॉन्टीचं नाव निघालं म्हणून ‘लाइव्ह अँड डेंजरस’बद्दल. जून १९७८ मध्ये आलेला हा दुहेरी अल्बम ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेला. लंडनचं हॅमरस्मिथ ओडियन, फिलाडेल्फिया आणि टोरांटो इथल्या कार्यक्रमांमधून तो जुळवला. त्यातलं बरंचसं मागाहून स्टुडिओत पुन्हा वाजवलं, असं व्हिस्कॉन्टी सांगत आला. बँडच्या लोकांनी ते कायम नाकारलं. वाद चाळीस वर्षं चालला. २०२३ मध्ये त्या कार्यक्रमांची मूळ ध्वनिमुद्रणं आठ सीडींच्या संचात बाहेर आली. मी ती ऐकली आहेत. मूळ कार्यक्रमांतही बँड तितकाच धारदार वाजतो. ज्या मतदाराकडे एकच संध्याकाळ असेल त्याने हा दुहेरी अल्बम ऐकावा. ‘स्टिल इन लव्ह विथ यू’ संपेपर्यंत त्याचं मत ठरलेलं असेल.

लायनटच्या लेखणीबद्दल न लिहिता पुढे जाता येणार नाही. हार्ड रॉकच्या गाण्यांत माणसं क्वचित असतात. असतो तो पवित्रा. लायनटच्या गाण्यांत पात्रं असतात, नावगाव असलेली, उनाड, हळवी, हरलेली. ती एका गाण्यातून दुसऱ्यात येतात-जातात. कवितांची दोन पुस्तकंही त्याने काढली, पहिलं १९७४ चं. आयर्लंडचा इतिहास आणि दंतकथा तो गिटारींच्या गदारोळात आणत होता तेव्हा तसं करणारे फार कोणी नव्हते. पहिल्या अल्बममध्ये ‘एअर’ आहे, ‘जेलब्रेक’मध्ये ‘एमरल्ड’ आणि १९७९ मध्ये ‘रोशीन डुव’, म्हणजे ‘ब्लॅक रोज’, सात मिनिटांचं. त्यात गॅरी मूर आयरिश नाचाच्या धावत्या चाली आणि घरगुती लोकगीतांच्या ओळी इलेक्ट्रिक गिटारवर एकामागून एक ओवत जातो. माझ्या मते हार्ड रॉक आणि लोकसंगीत यांची इतकी एकजीव रचना त्या दशकात दुसरी झाली नाही. ज्या देशाने त्याला लहानपणी रस्त्यात वळून वळून पाहिलं, त्याच देशाच्या दंतकथा हा काळा मुलगा हक्काने गात होता. मुखपृष्ठं काढायला त्याने डब्लिनचाच जिम फिट्झपॅट्रिक निवडला. (चे गेव्हाराचं दोन रंगांतलं जगप्रसिद्ध पोस्टरही फिट्झपॅट्रिकचंच.)

लायनट काळा होता म्हणून त्याला घ्या, असं मी म्हणत नाही. त्याला स्वतःला ते आवडलं असतं असं वाटत नाही. पण हेंड्रिक्सनंतर हार्ड रॉकच्या पुढच्या रांगेत उभा राहून बँड चालवणारे काळे संगीतकार किती झाले, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. तुमच्या दालनांत ही गोष्ट सांगायची राहून गेली आहे, आणि ती सांगायला याहून योग्य माणूस मिळणार नाही.

१६ ऑगस्ट १९८१ रोजी आयर्लंडमध्ये स्लेन कॅसलच्या मैदानावर पहिली मोठी मैफल झाली. मुख्य कलाकार थिन लिझी. त्यांच्या आधी वाजवणाऱ्या बँडांमध्ये यू टू होते. यू टूला तुम्ही २००५ मध्ये, पात्र ठरताच पहिल्या फेरीत घेतलंत. आयर्लंडचा रॉक बँड जगात चालू शकतो हे ज्यांनी आधी करून दाखवलं, ते अजून बाहेर आहेत.

शेवटची वर्षं थोडक्यात सांगतो. हेरॉइनने बँड पोखरला. गिटारवादक स्नोई व्हाइट आला आणि गेला. त्याच्या जागी आलेल्या जॉन साइक्सने १९८३ च्या ‘थंडर अँड लाइटनिंग’मध्ये जोम आणला, पण उशीर झाला होता. ४ सप्टेंबर १९८३ रोजी जर्मनीत न्यूरेंबर्गला शेवटचा कार्यक्रम झाला. ४ जानेवारी १९८६ रोजी इंग्लंडमध्ये सॉल्सबरीच्या रुग्णालयात लायनट गेला. वय ३६. त्याच महिन्यात, जेमतेम तीन आठवड्यांनी, तुमच्या संस्थेचा पहिला सन्मान सोहळा झाला.

त्याच्या गावाने त्याला विसरायचं नाकारलं. दर वर्षी ४ जानेवारीला डब्लिनमध्ये त्याच्या आठवणीत लोक जमतात, वाजवतात. २००२ मध्ये आयर्लंडच्या टपाल खात्याने त्याच्यावर तिकीट काढलं. ऑगस्ट २००५ मध्ये ग्राफ्टन स्ट्रीटच्या शेजारी हॅरी स्ट्रीटवर त्याचा पुतळा उभा राहिला. २०१९ मध्ये आयर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने त्याच्या नावे चांदीचं नाणं पाडलं. या सगळ्यामागे फिलोमिना तीन दशकं खपत होती. जून २०१९ मध्ये ती वारली. तुमचं नामांकन आलं ते त्यानंतर चार महिन्यांनी.

मागे राहिलेल्या मंडळींच्या सचोटीबद्दलही एक गोष्ट सांगतो. गोरॅम, डाउनी आणि इतरांनी पुढे थिन लिझी या नावाने जुनी गाणी वाजवत दौरे केले. मग नवी गाणी रचायची वेळ आली तेव्हा लायनटशिवाय त्या नावाने नवा अल्बम काढणं बरोबर नाही असं ठरवून गोरॅम आणि काही जणांनी ब्लॅक स्टार रायडर्स हे वेगळं नाव घेतलं. चालतं नाव सोडून नव्याने सुरुवात करायला मोठं मन लागतं.

आता एक स्पष्ट सूचना. बँड घेताना त्यातली कोणाकोणाची नावं घ्यायची हे तुम्ही ठरवता. २०१६ मध्ये डीप पर्पलच्या वेळी आठ जणांना मान दिलात, पण टॉमी बोलिन, स्टीव्ह मोर्स आणि डॉन एअरी वगळले गेले. त्याचं दुःख चाहत्यांना आजही आहे. थिन लिझीच्या बाबतीत तसं होऊ नये. माझ्या मते सहा नावं हवीत : लायनट, डाउनी, बेल, गोरॅम, रॉबर्टसन आणि मूर. बेलशिवाय ‘व्हिस्की इन द जार’ नाही. गोरॅम आणि रॉबर्टसनशिवाय त्या जोडगिटारी नाहीत. मूर तीनदा आला, तीनदा गेला, पण ‘ब्लॅक रोज’ त्याच्याशिवाय कल्पनेतही येत नाही. व्हाइट, साइक्स, कीबोर्ड वाजवणारा डॅरेन व्हॉर्टन आणि रिक्सन यांचा उल्लेख व्यासपीठावरून आदराने व्हावा. साइक्सचं नाव सातवं घातलंत तर मला आनंदच होईल. पण पहिल्या सहांतलं एकही गळलेलं मला मान्य होणार नाही. सर्वांत मोठी भीती बेलची आहे, कारण अमेरिकेत ज्या काळातला बँड माहीत आहे त्या काळात तो नव्हता. २०२५ च्या जानेवारीत त्या पहिल्या वर्षांच्या गाण्यांचा नव्याने बांधलेला अल्बम आला. लायनटचा जुना आवाज, डाउनीचे जुने ड्रम आणि त्यावर सत्तरी उलटलेल्या बेलने नव्याने वाजवलेली गिटार. तो ऐका आणि मग यादी करा.

मूर २०११ मध्ये गेला, रिक्सन २०१५ मध्ये, साइक्स २०२४ मध्ये. बेलचा जन्म १९४७ चा. डाउनी आणि गोरॅमचा १९५१ चा. मान द्यायचा असेल तर तो हातात घ्यायला माणसं असताना द्या.

मुख्य विभागात मतं कमी पडत असतील तर तुमच्याकडे दुसरा रस्ताही आहे. जुडास प्रीस्टही २०२० च्या मतदानात थिन लिझीबरोबरच मागे राहिले होते. २०२२ मध्ये तुमच्या समितीने त्यांना संगीतातल्या उत्कृष्टतेच्या सन्मानाने आत घेतलं. एमसी फाइव्हना २०२४ मध्ये तसंच घेतलं. प्रभावासाठीचा सन्मान तर थिन लिझीच्या मापाचाच आहे. तरीही माझी पहिली मागणी मुख्य विभागाचीच राहील. १९७१ ते १९८३ या काळात बारा स्टुडिओ अल्बम करणाऱ्या बँडचा तो हक्क आहे.

चाहत्यांची सगळी मतं मिळून तुमच्याकडे एकाच मतपत्रिकेइतकी धरली जातात, हे मला माहीत आहे. २०२० मध्ये चाहत्यांच्या मतदानात पहिला आलेला डेव्ह मॅथ्यूज बँडसुद्धा तेव्हा बाहेर राहिला. म्हणून हे पत्र मी तुमच्यापैकी त्या हजारभर मतदारांना लिहितो आहे ज्यांच्या मताला वजन आहे. तुमच्यात मेटॅलिकाचे लोक आहेत. डेफ लेपर्डचे आहेत, ज्यांनी ‘डोन्ट बिलीव्ह अ वर्ड’ गायलं. बॉन जोव्हीचे आहेत, ज्यांनी १९८९ मध्ये ‘द बॉइज आर बॅक इन टाउन’ गायलं. यू टूचे आहेत. थिन लिझीकडून काय घेतलं हे तुम्हाला कोणी सांगायची गरज नाही. पुढची नामांकनं ठरतील त्या बैठकीत तुमच्यापैकी कोणीतरी हे नाव मोठ्याने घ्या, आणि मतपत्रिका आली की त्यावर खूण करा.

आपला,
पुण्यातला एक श्रोता